नापास झाल्याचा दाखला

गुडगाव,
२५ ऑगस्ट २०२५

ति. बाबुरावमामांस,
सप्रेम जयभीम.

आईशी झालेल्या करारानुसार हे पत्र मी हाताने आणि मराठीत लिहिते आहे. गुडगावहून गाझियाबादला मेट्रोने यायला दोन तास लागतात आणि स्पीड पोस्टला चार दिवस. पण मी फोन केला तर तुम्ही "लेखी पाठव" म्हणून ठेवून दिलात. चलो, लेखी तर लेखी.

तुमच्या लाडक्या ‘दैनिक वर्धातीर’ची वेबसाइट तपासायचं काम आमच्या कंपनीला मिळालं आहे. ती वाचकाला वापरायला सोपी जाते की अवघड, एवढंच बघायचं. त्यासाठी दिल्लीकडचे पाच मराठी वाचक हवेत, साठीच्या पुढचे. वर्धातीरच्या नोएडातल्या ऑफिसात एकेकाला कॉम्प्युटरसमोर बसवायचं, पाच कामं द्यायची (अमुक पान शोधा, अक्षर मोठं करा वगैरे) आणि शेजारी बसून बघायचं. स्क्रीनचं आणि चेहऱ्याचं रेकॉर्डिंग होईल. वेळ पंचेचाळीस मिनिटं. ओळखपत्र आणायला सांगा, गेटवर लागतं.

आणखी एक. साइटवरची काही पानं ठेवायची की बंद करायची, ते या टेस्टवरून ठरणार आहे. कोणती पानं, ते मी सांगू शकत नाही. मामीने चकल्या पाठवल्या तरी नाही.

तुमची,
लुंबिनी


गाझियाबाद,
३० ऑगस्ट २०२५
जावक क्र. ४१

चि. लुंबिनीस,
सप्रेम जयभीम.

विषय : वर्धातीरच्या परीक्षेस पाच उमेदवार देणेबाबत.
संदर्भ : तुझे पत्र दि. २५ ऑगस्ट.

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या आईपेक्षा बरं आहे, हे तिला कळवू नकोस.

उमेदवार पुढीलप्रमाणे. राजाभाऊ, रेल्वेतून निवृत्त. शशिकांत, मूळचे पुण्याचे, बँकेतून निवृत्त, आणि ते प्रत्येकाला सांगतात. वासंतीताई, पोस्टात पस्तीस वर्षं टपालाची छाननी. तुझी चंदामामी. आणि मी. पाचही जण आमच्याच सोसायटीतले आणि सकाळी एकाच बागेत फिरणारे असल्याने संपर्काला सोपे.

आता तू जे सांगत नाहीस त्याबद्दल. मी केंद्र सरकारच्या नोकरीत छत्तीस वर्षं काढली, न लिहिलेलं वाचायची मला सवय आहे. १९८६ साली बदली होऊन दिल्लीत आलो तेव्हापासून पहाडगंजच्या स्टॉलवरून वर्धातीर घेत होतो. नागपूरहून गाडीने यायचा, दोन दिवस शिळा. त्यात माझी एकशे त्रेचाळीस पत्रं छापून आली, सगळी कात्रणं वहीत चिकटवली आहेत. या फेब्रुवारीपासून दिल्लीला अंक येणं बंद झालं आणि "आता साइटवर वाचा" असं उत्तर मिळालं. मी तरीही दर सोमवारी पत्र पाठवतो. ते छापतात की टोपलीत टाकतात हे कळायला मार्ग नाही, कारण त्या साइटवर वाचकांच्या पत्रांचं पान मला आजवर सापडलेलं नाही. तेव्हा बंद व्हायच्या यादीत तेच पान असणार. नाही म्हणू नकोस. हो पण म्हणू नकोस, तुझी नोकरी आहे.

ते पान गेलं तर मला फार वाईट वाटेल. दर सोमवारी मी मग काय करायचं? मामीशी बोलायचं? म्हणून आमचा निकाल उत्तम लागला पाहिजे. अहवाल चांगला गेला की योजना चालू राहते, एवढं मला सरकारने शिकवलं आहे.

अभ्यासक्रम कळव. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात का, तेही कळव.

तुझा,
बाबुराव गजघाटे


गुडगाव,
४ सप्टेंबर २०२५

ति. मामांस,
सप्रेम जयभीम.

मामा, ही परीक्षा नाही! यार, हे मी कसं समजावू? आम्ही तुम्हाला तपासत नाही, साइटला तपासतो. तुम्हाला एखादी गोष्ट सापडली नाही तर चूक साइटची. कुणी पास नाही, कुणी नापास नाही, गुण नाहीत, अभ्यासक्रम नाही.

तयारी करू नका. खरंच करू नका. तोपर्यंत साइट उघडूसुद्धा नका. रोज जसे आहात तसे या.

राजाभाऊंना मंगळवारी ९ तारखेला पाठवा, बाकी चौघांना शनिवारी १३ला. आणि आपसात यावर बोलू नका, प्लीज.

लुंबिनी


गाझियाबाद,
१५ सप्टेंबर २०२५
जावक क्र. ४४

चि. लुंबिनीस,
सप्रेम जयभीम.

विषय : परीक्षा सुरळीत पार पडल्याबाबत.

शनिवारी वर्धातीरचं ऑफिस बघितलं. चहा कागदी पेल्यात देतात, पण खुर्च्या चांगल्या आहेत. तुझ्याशेजारी बसून मी कामं करत होतो आणि तू गंभीर चेहऱ्याने टिपणं घेत होतीस, तेव्हा मला फार अभिमान वाटला. मी दाखवला नाही, रेकॉर्डिंग चालू होतं.

पाच कामांपैकी वाचकांची पत्रे शोधायला मला किती वेळ लागला ते तू सांगितलं नाहीस, पण मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. अकरा सेकंद. मामीला तेरा. ती घरी येईपर्यंत त्या दोन सेकंदांबद्दल बोलत होती.

तू तयारी करू नका म्हणालीस, तशी आम्ही काहीही केली नाही. सकाळी फिरताना काही शब्द आपोआप तोंडात बसतात, त्याला इलाज नसतो.

राजाभाऊंविषयी एक विनंती. मंगळवारी त्यांचं जे झालं ते झालं, पण त्या दिवशी त्यांना नव्व्याण्णव ताप होता. त्यांचा निकाल धरू नये आणि अहवालात "आजारी" अशी नोंद करावी. माणूस बिचारा खचला आहे. त्यात त्याला एका ट्रॅक्टर कंपनीचे रोज फोन येतात. त्या साइटवर कुठल्याशा जाहिरातीला बोट लागून त्याने ट्रॅक्टर चालवून बघायची इच्छा कळवली म्हणे. राजाभाऊंची जमीन म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतल्या चार कुंड्या.

आणि सर्वात मोठी बातमी. माझी सगळी पत्रं छापली गेली आहेत! फेब्रुवारीपासूनची, एकूण एक! हे मी गुरुवारी (खोडलं आहे) शनिवारी परीक्षेत बघितलं. मला रडू आलं. पान जिवंत आहे आणि आता निकालही चांगला लागला, म्हणजे ते जिवंत राहणार. मामीने श्रीखंड केलं.

तुझा,
बाबुराव गजघाटे


गुडगाव,
२३ सप्टेंबर २०२५

मामा,
जयभीम.

आज सप्रेम लिहीत नाही.

मी चार दिवस रेकॉर्डिंग बघते आहे. तुम्ही अकरा सेकंद. वासंतीमावशी आठ. मामी तेरा. शशिकांतकाका नऊ सेकंद, आणि मामा, शशिकांतकाकांचा चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता! नंतर सहीसाठी कागद दिला तेव्हा त्यांनी तो हातभर लांब धरला आणि मला विचारलं, "बाळ, सही वर करायची की खाली?" ज्या माणसाला सहीची जागा दिसत नाही, त्याला ते पान नऊ सेकंदांत दिसलं?

ते पान कुठे दडवलंय हे मला माहीत आहे. वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाबायच्या. मग ‘आणखी’. मग ‘जीवनशैली’. मग ‘इतर’. मग ‘संवाद’. मुरुमांवरचे उपाय आणि एअर फ्रायरमधली भरली वांगी यांच्या मधोमध. ते कुणालाही सहज सापडू शकत नाही. मला स्वतःला पहिल्यांदा सात मिनिटं लागली, आणि माझा पगार या कामाचा आहे.

आता ऐका, काय झालं ते. वर्धातीरच्या डिजिटल विभागाचे प्रमुख हितेश सर आहेत, मुंबईचे. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून असं की पत्रांचं पान कुणालाच नको आहे, महिन्याला जेमतेम चाळीस लोक उघडतात. माझं म्हणणं, लोकांना ते हवंय पण सापडत नाही. हे ठरवायलाच टेस्ट होती. तुम्हाला सांगितलं असतं तर टेस्ट बिघडली असती, म्हणून नाही सांगितलं. तुम्ही न सांगताच बिघडवलीत.

सरांनी निकाल बघितला आणि म्हणाले, "देखा? सत्तरीच्या लोकांना दहा सेकंदांत सापडतं. म्हणजे पान समोरच आहे आणि तरी कुणी उघडत नाही." राजाभाऊंचा निकाल त्यांनी काढून टाकला, कारण ते आजारी होते. तुमच्याच पत्रावरून.

१ नोव्हेंबरला पान बंद होणार आहे. तुम्ही ज्या पानासाठी हे सगळं केलंत तेच.

मला खरं सांगा.

लुंबिनी


गाझियाबाद,
२७ सप्टेंबर २०२५

लुंबिनी बाळा,

या पत्राला जावक क्रमांक नाही.

राजाभाऊंना ताप नव्हता. मंगळवारी ते परत आले आणि बागेतल्या बाकावर डोकं धरून बसले. एकोणीस मिनिटं ते पत्रांचं पान शोधत होते. पानाच्या तळाशी ‘आमच्याशी संपर्क’ अशी एक ओळ आहे, तिथे काही मिळेल म्हणून ते खाली गेले. ओळ दिसली की हात न्यायचा आणि तेवढ्यात आणखी दहा बातम्या येऊन ती ओळ खाली सरकायची. असं त्यांनी एकोणीस मिनिटं केलं. रेल्वेतला माणूस, गाडी सोडायची सवय नाही.

पण त्यांनी पाचही प्रश्न पाठ करून आणले होते. मी म्हणालो नाही की सांगा, आणि मी म्हणालो नाही की सांगू नका. मग वासंतीताई दोन दिवस कॉम्प्युटरला चिकटून बसल्या. न पोचलेलं पत्र शोधायचं त्यांना नवं नाही. गुरुवारी त्यांना वाट सापडली. शुक्रवारी आम्ही चौघांनी बागेला सात फेऱ्या मारल्या आणि एका सुरात म्हणत होतो, "तीन रेघा, आणखी, जीवनशैली, इतर, संवाद." योगासनवाल्या बायकांना वाटलं काहीतरी साधना आहे. त्यातल्या दोघी मागून म्हणायला लागल्या. शशिकांतने तर कुठे किती इंच हात न्यायचा तेही पाठ केलं. ते चष्मा का घालतील?

तू विचारशील की मामा, तुम्ही असं का केलंत. पानासाठी केलं हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं लिहायला मला लाज वाटते.

माझा बाप पुलगावला रेल्वेच्या रुळावर कामाला होता. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्याने अख्ख्या वस्तीत गूळ वाटला आणि माझं प्रमाणपत्र काचेत लावलं. ते अजून माझ्या भिंतीवर आहे. आमच्या घरात नापास होण्याची सोयच नव्हती. मी एकटा नापास झालो नसतो, माझ्यामागे सगळे झाले असते. मग बी.ए., खात्याच्या परीक्षा, सगळीकडे मी पास होत गेलो. आणि तू लिहिलंस की सापडलं नाही तर चूक साइटची. बाळा, ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि मला ते कळलंच नाही. समोर प्रश्न आहे, शेजारी एक मुलगी टिपणं घेते आहे, ती माझ्याच घरातली आहे, आणि मला उत्तर येत नाही. हे मी बाहत्तराव्या वर्षी कसं करू?

मी हितेशसाहेबांना लेखी कबुली देतो, तिच्या तीन प्रती सोबत आहेत. दोन तारखेच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो आहोत. परत आलो की तू म्हणशील तिथे हजर होईन. हवं तर मी सर्वांसमोर अत्यंत वाईट नापास होऊन दाखवीन. मी सराव सुरू केला आहे.

तुझा,
मामा


गुडगाव,
६ ऑक्टोबर २०२५

ति. मामांस,
सप्रेम जयभीम.

सराव थांबवा. आत्ताच्या आत्ता.

नापास व्हायचा सराव करायचा नसतो, मामा! मुद्दाम चुकणं ही पण कॉपीच. अच्छा, तुमच्या जमान्यात पेपर फक्त पास व्हायलाच फोडायचे ना?

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, मग हसले, मग परत रडले. आजोबांच्या गुळाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

हितेश सरांना मी सगळं सांगितलं. माझ्या टेस्टचा पेपर माझ्याच मामाने फोडला हे क्लायंटसमोर उभं राहून सांगणं फारसं मजेचं नव्हतं. तुमची कबुली त्यांनी दोनदा वाचली. ‘सदर गैरप्रकारास मी स्वतः जबाबदार असून योगासनवाल्या महिला निर्दोष आहेत’ हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. आता ते म्हणतात, नवे लोक आणा आणि एकदाच परत बघा. पहाडगंजच्या मराठी शाळेचे दोन माजी विद्यार्थी आणि मानेसरच्या कारखान्यातले तिघे मराठी कामगार मिळाले आहेत. आणि सर म्हणाले, "या काकांनाही बोलवा. मी स्वतः शेजारी बसेन."

तुमच्यासाठी मी साइटची जी प्रत उघडीन तिच्यात त्या यादीतला क्रम बदललेला असेल आणि नावंही. तुमचा मंत्र चालणार नाही. शनिवारी ११ला, सकाळी दहा वाजता. काही पाठ करू नका. मुद्दाम चुकू नका. फक्त शोधा.

आणि राजाभाऊंना पण आणा. त्यांना सांगा, अहवालातलं "आजारी" मी खोडलं आहे.

लुंबिनी


गाझियाबाद,
१४ ऑक्टोबर २०२५
जावक क्र. ४९

चि. लुंबिनीस,
सप्रेम जयभीम.

विषय : नापास झाल्याबाबत.

तू समोरच होतीस, पण लेखी असलेलं बरं. आणि त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये आलं नसेल.

हितेशसाहेब तरुण निघाले. मला वाटलं होतं पोट असेल. ते माझ्या उजवीकडे बसले, तू डावीकडे, मागे राजाभाऊ. मी तीन रेघा दाबल्या आणि बघतो तर ‘आणखी’ नाही. एका जागी दाबलं तर सोन्याचा भाव. दुसरीकडे दाबलं तर राशिभविष्य, जे मी आयुष्यात वाचलं नाही, आणि आता साहेबांसमोर उघडून बसलो. तिसरीकडे दाबलं तर ‘स्वभावावरून ओळखा, तुम्ही कोणती भाजी आहात?’ मी ते बंद करायला गेलो, तर सहा प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय ते जाईना. मी दोडका निघालो. मामीला घरी येऊन सांगितलं, ती म्हणाली त्यासाठी सहा प्रश्न कशाला लागले?

दहा मिनिटांनी मला घाम आला. पंधरा मिनिटांनी तू पाणी दिलंस. माझा बाप भिंतीवरून बघतो आहे असं वाटत होतं. मागून राजाभाऊ हळूच म्हणाले, "तळाला जाऊ नका, ती ओळ पळते." साहेबांनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

बावीस मिनिटांनी मी हात मांडीवर ठेवले आणि म्हणालो, "नाही सापडत." हे दोन शब्द मी कुठल्याही परीक्षेत उच्चारले नव्हते. छत पडलं नाही. कुणी हसलं नाही. मला एकदम हलकं वाटलं, आणि भूक लागली.

मग साहेबांनी विचारलं ते तू टिपून घेतलंस का? ते म्हणाले, "काका, आमचे वाचक बारा सेकंदांत कंटाळून निघून जातात. तुम्ही बावीस मिनिटं का बसलात?" मी म्हणालो, माझी पत्रं आहेत तिथे. आणि दुसऱ्यांचीही आहेत. आर्वीची एक शिक्षिका एसटीच्या वेळापत्रकाबद्दल लिहिते, तिला मी उत्तर दिलं होतं, तिचं काय म्हणणं आलं ते मला बघायचं होतं.

साहेब राजाभाऊंना म्हणाले, "आणि तुम्ही एकोणीस मिनिटं?" राजाभाऊ म्हणाले, "मला वाटलं, आता येईल."

त्यावर साहेब उठले आणि आत निघून गेले. मी घाबरलो आहे. आता काय ते कळव.

तुझा,
बाबुराव गजघाटे


गुडगाव,
२९ ऑक्टोबर २०२५

ति. मामांस,
सप्रेम, सप्रेम, सप्रेम जयभीम!

पान राहिलं!

पाचही नवे लोक नापास. मानेसरचा एक जण तर कंपनीच्या बसमध्ये घरी जाताना पण शोधत होता, त्याने मला मेसेज केला, "मॅडम, अभी भी नहीं मिला." पण सरांचा निर्णय त्यांच्यावरून झाला नाही. मीटिंगमध्ये त्यांनी फक्त दोन रेकॉर्डिंग लावली, राजाभाऊंचं आणि तुमचं. आणि म्हणाले, नको असलेली गोष्ट कुणी बावीस मिनिटं शोधत नाही. १ नोव्हेंबरपासून ‘वाचकांची पत्रे’ पहिल्याच पडद्यावर, संपादकीयाच्या खाली, मोठ्या अक्षरांत. ती पळणारी ओळ पण जागेवर थांबवली. भाजी ओळखण्याचं तेवढं काढता आलं नाही, ते सर्वात जास्त चालतं.

तुम्ही निघताना दारात मला म्हणालात, "याचा काही कागद मिळतो का?" तेव्हा तुम्ही गंमत करत नव्हता, हे मला माहीत आहे. सोबत जोडला आहे. सही माझी, शिक्का कंपनीचा.

लुंबिनी

*दाखला*
*दाखला देण्यात येतो की श्री. बाबुराव गजघाटे, राहणार गाझियाबाद, हे दि. ११ ऑक्टोबर २०२५ रोजी घेतलेल्या चाचणीत कोणतीही तयारी न करता, प्रामाणिकपणे, बावीस मिनिटे प्रयत्न करून नापास झाले आहेत. त्यांची वर्तणूक चांगली होती.*


गाझियाबाद,
२४ नोव्हेंबर २०२५
जावक क्र. ५६

चि. लुंबिनीस,
सप्रेम जयभीम.

विषय : दाखला मिळाल्याची पोच, आणि एक तक्रार.

दाखला पोचला. काच लावून मॅट्रिकच्या प्रमाणपत्राशेजारी टांगला. मामीने गूळ वाटला, सोसायटीत सगळ्यांना, योगासनवाल्या बायकांनाही. त्यांना कारण कळलं नाही, पण त्यांनी अभिनंदन केलं.

ट्रॅक्टरवाला शेवटी खरंच आला. ट्रॅक्टर खाली पार्किंगमध्ये उभा करून तिसऱ्या मजल्यावर चढून आला. राजाभाऊंनी त्याला कुंड्या दाखवल्या. मग खाली जाऊन त्यांनी तो सोसायटीभोवती एक फेरी चालवला. मंगळवारपासून इतके खूश मी त्यांना बघितले नव्हते, आणि मंगळवार म्हणजे सप्टेंबरमधला. त्यांनी या सगळ्या प्रकरणावर वर्धातीरला पत्र लिहिलं, आयुष्यातलं पहिलं, आणि ते आठ दिवसांत छापून आलं. शीर्षक ‘मला वाटलं, आता येईल’.

आता तक्रार. पान आता सगळ्यांना सापडतं. आठवड्याला तीनशे पत्रं येतात म्हणे. मी ३, १० आणि १७ तारखेला पाठवलेली तिन्ही पत्रं रांगेत आहेत. मी चौकशी केली तर उत्तर आलं, "आपला क्रमांक दोनशे चौदा." एकोणचाळीस वर्षांत मला क्रमांक लागला नव्हता. सोमवारी सकाळी मी पान उघडतो, दोन सेकंदांत उघडतं, आणि बघतो.

आज एकतीस पत्रं आहेत. आर्वीच्या बाईंचं आहे, त्यांची एसटी वेळेवर यायला लागली. माझं नाही. सगळी वाचून काढली.

तुझा,
मामा